फुल क्लिअर पाहिजे ना?

मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी तिच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला अपलोड करायचा होता. १९६१चा, घडीवर विरलेला. अट अशी: सुस्पष्ट, रंगीत आणि २०० केबीच्या आत. ही अट घालणाऱ्याने जन्मात स्कॅनरचं झाकण उघडलेलं नसणार.

झेरॉक्सवाल्या पोराला म्हटलं, "२०० डीपीआयला कर." म्हणजे स्कॅनरने इंचाला दोनशे ठिपके टिपायचे.

"फुल क्लिअर पाहिजे ना? मग १२००."

मी तोंड उघडायच्या आत स्टुलावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "१२००च कर रे. जुना कागद आहे. आमच्या जावयाने लग्नाचे फोटो २४००वर केले, अंगठीतला खडा दिसतो!"

"काका, या दाखल्यात खडा नाहीये."

"शिक्का आहे ना?" असं म्हणत त्यांनी दाखला माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला आणि मोठ्याने वाचायला लागले. "वर्तणूक : बरी. 'चांगली' का नाही हो लिहिलं?"

आता भर दुकानात मी वडिलांच्या १९६१च्या वर्तणुकीचा खुलासा करायचा! लॅमिनेशनला आलेल्या बाईसुद्धा उत्तराची वाट बघत होत्या. "तेव्हा मास्तर कडक होते," एवढं पुटपुटलो. "हो, पण काहींना 'चांगली' मिळायचीच," काका म्हणाले.

२०० चे १२०० केले की ठिपके सहापट नाही, छत्तीसपट होतात, कारण कागदाला लांबीसारखी रुंदीही असते. ए-फोर कागदाचे ३९ लाखांवरून जवळजवळ १४ कोटी! फिल्मची निगेटिव्ह असती तर समजू शकलो असतो. एवढ्याशा तुकड्याचा मोठा फोटो काढायचा असतो. दाखल्यात जास्तीचं काय दिसणार? कागदाचे तंतू आणि चहाचा डाग. हे सगळं मी काकांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मोठ्याचं लहान करता येतं. लहानाचं मोठं होत नाही." चीड याचीच की हे खरं आहे.

१२०० चे तीस रुपये झाले. फाइल ४० एमबीची. "आता कमी करून दे."

"त्याचे वीस वेगळे."

म्हणजे फुगवायचे तीस आणि पिळायचे वीस. पिळून १९६ केबी झाली तेव्हा शिक्क्याचं जांभूळ झालं होतं आणि 'बरी' तर गेलीच होती. ग्रे चाललं असतं तर निभावलं असतं, पण रंगीतच हवं. का, तर त्या जांभळ्या शिक्क्यासाठी, जो आता वाचता येत नाही! शाळा सरकारी, रजिस्टर त्यांच्याच कपाटात, अर्ज सरकारचा. मधल्या मध्ये केबी मोजत मी हिंडायचं.

अर्ज परत आला. शेरा : 'दस्तऐवज अस्पष्ट.'

पुन्हा दुकानात. पोराने कागद काचेवर ठेवला, २०० निवडलं आणि तीस रुपये मागितले. वर म्हणतो कसा, "२००लाच पाहिजे होतं तर तेव्हाच सांगायचं ना, काका!"