तळ्याकाठी बिऱ्हाड

अमेरिकेत दहा-बारा वर्षं काढूनही जे कुटुंब एकदाही कॅम्पिंगला गेलेलं नाही, त्याच्याकडे आपल्या लोकांत जरा संशयानेच बघतात. घर घेतलं, ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर लावला, मुलीचं अरंगेत्रम उरकलं, आता राहिलं काय? तंबूत झोपणं. ज्या आजोबांचा संडास उभा जन्म घरापासून पन्नास पावलांवर होता, त्यांच्या नातवाने आता त्याच पन्नास पावलांसाठी डॉलर मोजायचे, टॉर्च घेऊन जायचं आणि वर फोटो टाकायचा. प्रगतीचा फेरा असा पूर्ण होतो. तुमचा अपुरा ठेवू नका.

शिकागोकडच्या मंडळींसाठी जागा ठरलेली आहे. विस्कॉन्सिनमधलं डेव्हिल्स लेक. तीन तासांचा रस्ता, 360 एकरांचं तळं, आणि त्याला दोन्ही अंगांनी पाचशे फूट उंचीचे जांभळट क्वार्टझाइट दगडाचे कडे. स्टेट पार्क 1911 पासूनचं. हो-चंक हे इथले मूळ रहिवासी हे तळं पवित्र मानत आले. त्यांच्या भाषेतल्या नावाचा अर्थ पवित्र तळं किंवा आत्म्याचं तळं असा काहीसा. गोऱ्यांनी भाषांतर करताना त्या आत्म्याचा सैतान केला. भाषांतरकाराला मानधन वेळेवर मिळालं नसावं.

आपण तिथे गोंगाट करू की काय, अशी धाकधूक बाळगू नका. 1873 मध्ये रेल्वे आली तेव्हापासून शिकागोची माणसं इथे येऊन गोंगाट करत आहेत. रूळ अजून तळ्याच्या काठाकाठाने जातात. शिवाय शेजारचं गाव बाराबू. रिंगलिंग बंधूंनी 1884 साली आपली सर्कस तिथूनच सुरू केली. त्यामुळे सहा गाड्यांतून एकवीस माणसं, चौदा खुर्च्या, दोन ढोलक्या आणि एक भजी तळायची कढई उतरताना बघून तिथल्या लोकांना आश्चर्य वगैरे वाटत नाही. फार तर हत्ती कुठे आहे, असं मनात येत असेल.

आरक्षण अकरा महिने आधी उघडतं. म्हणजे यंदाच्या ऑगस्टात तुम्हाला पुढच्या जुलैतला शनिवार पक्का करायचा असतो. ज्या ग्रुपला शुक्रवारी रात्री थाई खायचं की मेक्सिकन हे ठरवायला एकशे चाळीस मेसेज लागतात, त्या ग्रुपने हे करायचं आहे. कुणाच्या मुलाचं सॉकर, कुणाचे सासू-सासरे येणार, कुणाला बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात नाटक बसवायचं. ते अधिवेशन दर दोन वर्षांनी असतं, पण तालमी बारमाही. अशा वेळी एकच मार्ग. ग्रुपमधला एक भोळा माणूस हेरायचा आणि त्याला म्हणायचं, 'तू कर रे बुक, आम्ही आहोतच.' तो पहाटे गजर लावून उठतो आणि आपल्या कार्डावर तंबूच्या तीन जागा, म्हणजे साइट्स, घेतो. बाकीच्यांनी अंगठे दाखवायचे. मे महिन्यात निम्म्यांनी गळायचं. पैशाचं बोलणं काढलंच, तर 'अरे, खर्च वाटायच्या ॲपवर, स्प्लिटवाइजवर टाक ना' म्हणायचं. त्याने ते कधीच टाकलेलं असतं.

एका साइटवर माणसं किती आणि गाड्या किती, यावर मर्यादा आहे. तो नियम इतरांसाठी. आपण तीन साइट्स घ्यायच्या आणि सगळ्यांनी मधल्या साइटवर बसायचं. रेंजर आलाच तर त्याला चकली द्यायची. आमच्याकडे आला तेव्हा त्याने चकली नम्रपणे नाकारली आणि गाड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग म्हणाला, 'हॅव अ गुड वन.' यात कोणतं वन, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

सामान. इथे हात आखडू नका. कॅम्पिंग म्हणजे कमीत कमी वस्तूंत राहणं, अशी एक पाश्चात्त्य समजूत आहे. आपली परंपरा बिऱ्हाडाची. विजेची जोडणी असलेली साइट मिळवा, म्हणजे इन्स्टंट पॉट चालतो. गॅसच्या शेगड्या दोन: एक उपासाची. मिसळीसाठी तर्री वेगळ्या डब्यात, फरसाण वेगळं, पाव वेगळे, कांदा घरूनच चिरून आणि त्या कांद्याच्या वासासाठी गाडी वेगळी. कोथिंबीर ओल्या पेपर टॉवेलमध्ये. तंबू मात्र गेल्या सेलमध्ये घेतलेला, अजून खोक्यातच असू द्या. तो घरी एकदा उभारून बघावा असं लोक सांगतात, पण मग तिथे जाऊन शिकायचं काय? आमचा तंबू उभारायला दोन मेकॅनिकल इंजिनिअर आणि एक आर्किटेक्ट होते. आर्किटेक्ट सॉफ्टवेअरचा निघाला. पाऊण तासाने तंबू उभा राहिला, उलटा. म्हणजे आतली बाजू बाहेर. झोपताना खिसे बाहेर राहिले, त्यांत कुणीतरी पहाटे चमचे ठेवून गेलं.

एक गोष्ट फक्त ऐका. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका. पार्कपासून दहा मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित केलेलंच लाकूड चालतं, कारण एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगा अशा लाकडातून गावोगाव पसरतो आणि ॲशची झाडं उभी मारतो. हा भुंगा आशियातला. 2002 मध्ये मिशिगनात सापडला आणि बघता बघता कितीतरी राज्यांत स्थायिक झाला. ना व्हिसाची लॉटरी, ना स्टॅम्पिंग. आमच्यातला एक जण तर ते वाचून हळहळलाच.

आता शेजाऱ्यांविषयी. पलीकडच्या साइटवर हमखास एक म्हातारं अमेरिकन जोडपं असतं. एक छोटा तंबू, एक इवलीशी शेगडी, दोन खुर्च्या आणि दोन पुस्तकं. खुर्च्या तळ्याकडे तोंड करून. दोन दिवसांत त्यांनी एकमेकांशी जेमतेम सहा वाक्यं बोलली असतील. भांडण झालेलं दिसतं. आपल्या बायकांनी त्यांना पावभाजीची ताटली नेऊन द्यावी, 'नॉट स्पायसी' म्हणून सांगावं आणि ते डोळ्यांतलं पाणी पुसतात ते भावनेने, असं समजून परत यावं.

तळ्यावर पेट्रोलच्या बोटींना बंदी आहे; मोटर लावायचीच तर विजेवरची. त्यामुळे तिथे जी शांतता तयार होते ती वाया घालवू नका. समोरासमोर दगडी कडे असल्याने ब्लूटूथ स्पीकरचा आवाज फार सुरेख घुमतो. रात्री अकरा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ, तेव्हा अंताक्षरी पावणेअकराला रंगात यायला हवी. अकराला थांबायचं नाही, आवाज कमी करायचा. एकवीस माणसं एकदम कुजबुजत 'म' वरून गाणं शोधायला लागली की तो आवाज साध्या गाण्यापेक्षा दूर जातो, हे आम्हाला पलीकडच्या टॉर्चच्या उजेडावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी बॅलन्स्ड रॉक. वरच्या अंगाला तो दगड अगदी आता पडेल असा उभा आहे आणि हजारो वर्षं पडलेला नाही. चढण दगडांची आहे, म्हणून क्रॉक्स घाला. वर पोचल्यावर तळ्याकडे पाठ करून उभं राहायचं. फोटोत तळं मागेच यायला हवं. आमच्यातल्या एका नववीतल्या मुलाने तिथे सांगायला घेतलं की या खिंडीतून पूर्वी नदी वाहायची, मग हिमयुगात हिमनदीने दोन्ही तोंडांशी दगडमातीचे बांध घातले आणि मधोमध हे तळं अडकून राहिलं. त्याच्या बापाने कौतुकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'हे कॉलेजच्या निबंधात टाक.'

त्याच मुलाने संध्याकाळी पुन्हा घोटाळा केला. दक्षिण काठावर गवताचा एक छान उंचवटा आहे. एका बाजूला उतार, त्यामुळे चेंडू आपोआप परत येतो. आम्ही स्टंप रोवणार, तेवढ्यात तो पाटी वाचून धावत आला. हा उंचवटा म्हणजे पक्षी आहे म्हणे. हजारेक वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी टोपल्या-टोपल्या माती आणून पंख पसरलेला पक्षी रचला. जमिनीवरून तो दिसतच नाही, आकाशातून दिसतो. सगळे गप्प झाले. चार सेकंद तरी झाले असतील. मग कुणीतरी विचारलं, तर्रीचा डबा कुठल्या गाडीत आहे?

सोबत कुणाला न्यावं हे सांगायचं राहिलं. आई-वडील सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांना घरीच ठेवा. मी आईला नेलं आणि पस्तावलो. तिला कॅम्पिंगमधलं ओ की ठो कळत नाही. आधी विचारलं, 'अरे, एवढी सगळी स्वयंपाकाची तयारी, मग घरीच का नाही जेवलो?' मग रात्री तंबूत शिरली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. म्हणे गुदमरतं. आम्ही तिच्यासाठी खास दुप्पट जाडीची एअर मॅट्रेस फुगवली होती, चाळीस डॉलरची, पंप वेगळा. ती सोडून बाईंनी फोल्डिंगची एक खुर्ची उचलली, पुण्याहून आणलेलं ओडोमॉस हातापायांना चोपडलं, शाल गुंडाळली आणि तळ्याकडे तोंड करून बसली. त्या भांडलेल्या जोडप्यासारखी.

सकाळी आम्ही उठलो तर श्रीखंडाचा डबा रिकामा. रात्री खाण्याचं सगळं गाडीत बंद करून ठेवायचं असतं, पण गाड्यांत खुर्च्या होत्या, म्हणून कूलर बाहेर ठेवला होता. चोर म्हणजे रॅकून, तिथलं एक रानटी जनावर. आईने सगळं बघितलेलं. तिने सांगितलं ते असं: तीनच्या सुमाराला तो आला, डोळ्यांवर काळी पट्टी. कूलरच्या कडीभोवती त्याने आधी नुसती बोटं फिरवली, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी. मग कडी वर केली. बकरवडीची पिशवी फाडली, दोन खाल्ल्या. श्रीखंडाचं झाकण दाताने नाही, नखाने उचकटलं, चारी कोपऱ्यांनी. मग मागच्या पायांवर बसून एका हाताने खात राहिला आणि दुसरा हात डब्यावर ठेवला, कुणी नेऊ नये म्हणून. ग्रॅनोला बारची खोकी त्याने बाजूला सारली. ती तशीच होती.

'मग तू हाकललं का नाहीस?'

'मला आधी वाटलं तुमच्यातलंच कुणीतरी आहे.'

एवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. पण पुढे सांगत बसली, की पहाटे पाण्यावरचं धुकं काठापासून सुटतं आणि मधोमध जमतं, दूध नासल्यासारखं. मग एक मालगाडी गेली. धुक्यामुळे रूळ दिसत नव्हते, त्यामुळे ती पाण्यावरूनच चालली आहे असं वाटत होतं. त्रेचाळीस डबे मोजले. नंतर कड्याच्या टोकावर ऊन आलं आणि इंचाइंचाने खाली उतरलं, ते अगदी पाण्याला टेकेपर्यंत तिने बघितलं म्हणे. आमच्यापैकी कुणीच यातलं काही बघितलं नव्हतं. एकाने विचारलं, 'काकू, व्हिडिओ काढला का?' नव्हता काढला.

'अगं, पण झोप नाही झाली तुझी,' मी म्हणालो.

'झोपायला कुठे आले होते?'

अशा माणसांमुळे ग्रुपचा मूड जातो. पुढच्या वेळी आम्ही नियमच केला आहे की खुर्च्या सगळ्या मधल्या साइटवर, गोलात आणि आत तोंड करून. बुकिंग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतंय. भोळा माणूस यंदा मीच आहे असं काल ग्रुपवर कळलं, एकोणीस अंगठ्यांसकट.