निळा लाईट आहे, टाकी नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहायलेय. कंटाळा आला तर पुढे सरका.

भाचीला संभाजीनगरात पहिली नोकरी लागली. ताईचा लातूरहून फोन, 'तू तिथं आहेस, तूच घर बघ.' म्हणून दुपारी आम्ही दोघी कॅनॉटच्या मागं एक वन बीएचके बघून आलो. जाहिरात होती 'फुल्ली रिनोव्हेटेड'. भाडं १४ हजार, डिपॉझिट ५०, शिवाय एजंटाला एका महिन्याचं भाडं. खाली कॅफे, समोर जिम.

बिल्डिंग जुनीच, आत मात्र चकाचक. किचनला ट्रॉल्या, चिमणी, टीव्हीमागं संगमरवराच्या नावाखाली चिकटवलेली पीव्हीसी शीट. बाथरूममध्ये फॉल्स सीलिंग आणि त्यात निळा लाईट! भिंतीत वरच्या बाजूला नव्या टाईलला गोल भोक पाडून पांढरं बूच बसवलेलं दिसलं. मी घरमालकांना विचारलं, 'काका, इथं माळ्यावर टाकी होती का?'

'होती ना. पाचशे लिटरची. काढून टाकली. सगळा लुक घालवायली होती.'

लुक!

अहो, या गावात घर बघायला गेल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, 'पाणी कितव्या दिवशी येतं' हा असतो. जायकवाडी धरणाचा नाथसागर भरला की आपण पैठणला जाऊन दरवाज्यांचे रील काढतो आणि घरी येऊन नळाची वाट बघत बसतो. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालेली १६८० कोटींची पाणी योजना पुढं २७४० कोटींवर गेली. आकडा तेवढा वेळेवर वाढला. अशा गावात तुम्ही पैसे घालून टाकी काढता? गच्चीवरची टाकी अख्ख्या बिल्डिंगची, ती किती दिवस पुरणार? तर म्हणे, 'टँकर मागवतो की आम्ही, कॉन्ट्रिब्युशन काढून.' म्हणजे १४ हजारांवर तेही.

बरं, हे विचारणारी मी आगाऊ. त्यांचे प्रश्न चालतात. मुलगी एकटीच राहणार का? कुणी 'भेटायला' येणार का? नॉनव्हेज? आणि आडनाव काय, हे तर दारातच विचारून झालेलं. यावर तुम्हाला काय वेगळं सांगू, आपल्यातल्या प्रत्येकानं कधीतरी ऐकलंय. पोरीचा चेहरा उतरला ना, तिथं माझी सटकली.

करार? 'अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर करायची गरज नाही.' गरज आहे, काका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. अकरा महिने असोत नाहीतर दोन. मी हे म्हटल्यावर काका एजंटाकडं बघायले आणि एजंट मोबाईलमध्ये.

मान्य, रिटायर्ड माणूस आहे, पैसा घातलाय, भाडेकरूही भिंतीला खिळे ठोकून जातात. असो.

पण पैसा घातला तो फोटोत दिसेल तिथंच. बेडरूमच्या खिडकीचा गज गंजलेला तसाच. बाथरूमचा नळ मात्र कसला, वरून पाऊस पडल्यासारखा शॉवर! त्याला पाणी कुठून आणायचं, मिरजेहून? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला तिथूनच रेल्वेनं आलं होतं. पोरगी तेव्हा शाळेत होती, घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली आहे ती.

तरी रिक्षात हळूच म्हणाली, 'मावशी, लाईट मस्त होता पण.' आता काय बोलणार? पहिल्या पगारात पोरीला निळा लाईट हवासा वाटला तर त्यात तिचं काय चुकलं. तीस रुपयांच्या डब्यावर जेवून, पाच जणींच्या खोलीत राहून शिकलीय. छान घर तिला नको का? हवंच. मला राग तिचा नाही, बूच बसवणाऱ्यांचा आहे.

तर कुणाच्या माहितीत वन बीएचके असेल तर इनबॉक्स करा. गारखेडा, उल्कानगरी, सिडको, कुठंही चालेल. फरशी जुनी असू द्या, ट्रॉल्या नसू द्या. खाली हौद किंवा घरात स्वतंत्र टाकी पाहिजे, करार रजिस्टर पाहिजे. लाईट आम्ही आमचा लावून घेऊ.