कशाचे फोटो काढणार?

कॅमेरा घ्यायचाय असं म्हटलं की जाणकार माणूस बजेट विचारत नाही. तो खुर्चीत किंचित मागे रेलतो आणि म्हणतो, "कशाचे फोटो काढणार?" कुकर घेताना कुणी विचारलंय का, कोणता भात लावणार म्हणून? आणि खरं उत्तर द्यायची सोय नाही. "घरच्यांचे, सहलीचे, पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे त्याचे," असं सांगितलं की समोरचा चेहरा पडतो. "मग मोबाईल आहे की!" म्हणजे उत्तर महागच द्यायला हवं.

आमच्या ऑफिसातला एक जण पक्षीवाला. थंडी पडली की याचे रविवार भिगवणला. उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो उभे असतात आणि ते काही आपल्याकडे चालत येत नाहीत, त्यामुळे लांबचं जवळ आणणारी, दीडशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स हवी, हे त्याचं ठाम मत. तिचं वजन दोन किलोच्या घरात. ती हातात धरून हात भरून येतो, म्हणून मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड. वर मातकट हिरवं जाकीट. फ्लेमिंगोने भडक गुलाबी फिरायचं आणि मी झुडूप व्हायचं, हा कुठला न्याय?

मेव्हण्याकडे गेलो. तो किल्लेवाला. त्याच्या मते फुल फ्रेम नसेल तर घेऊच नये. फुल फ्रेम म्हणजे जुन्या रोलच्या फ्रेमएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, म्हणजे रोलच्या जागी चित्र टिपणारी चकती. त्याहून लहान सेन्सरवर लेन्सचा आकडा दीडपट धरायचा, कॅननमध्ये १.६ पट.

"म्हणजे पन्नासची लेन्स पंचाहत्तरची होते? फुकटात?"

"होते. पण अठराची सत्तावीस होते, आणि आकडा वाढला की फोटोत मावतं कमी. मग राजगड मावणार कसा?"

राजगड माझ्या कॅमेऱ्यात मावण्यासाठी खोळंबला आहे हे मला ठाऊक नव्हतं. पुढे ॲपर्चर आलं, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक. तिथे १.८ हे ५.६ पेक्षा मोठं असतं. आकडा लहान तितकं भोक मोठं, आणि भोक मोठं तितका खर्च मोठा, एवढं मी गाठीला बांधलं.

कंपनीचा प्रश्न तर कुळाचाराचाच. एकदा एका कंपनीचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, धरला की लेन्सा त्याच घरातल्या करायच्या. मेव्हणा निकॉनचा. त्यांचा एफ माउंट १९५९ पासूनचा, हे तो घराण्याची सनद दाखवावी तसं सांगायचा. २०१८ मध्ये निकॉननेच मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, नवा झेड माउंट काढला, तेव्हा काही दिवस तो सुतकात असल्यासारखा वावरत होता. त्याच वर्षी कॅननवाल्यांनीही नवा आरएफ माउंट आणला, एवढाच काय तो त्याला दिलासा.

शेवटी बोरा बाजार गाठला. सीएसएमटीला उतरून पाच मिनिटांवर, गल्लीत दुतर्फा कॅमेरे. दुकानदाराने आधी विचारलं, "बिलाचा की बिनबिलाचा?" बिलाच्या मालावर १८ टक्के जीएसटी आणि कंपनीची वॉरंटी. बिनबिलाच्या मालाला दुकानदाराचं हसणं हीच वॉरंटी. मी बिलाचा म्हणालो. त्याने डब्यातून कॅमेरा काढला, काउंटरवर ठेवला आणि मग शेजारी एकेक वस्तू मांडत गेला. लेन्सला ओरखडा नको म्हणून यूव्ही फिल्टर. कार्ड साधं नको, व्ही-३० घ्या. सेकंदाला ३० एमबी लिहिण्याला मरण नाही. जादा बॅटरी. धूळ उडवायचा ब्लोअर. बॅग फ्री, तिच्यावर कंपनीचं नाव एवढं ठळक की लोकलमधल्या पाकीटमारालाही मॉडेल शोधायची तसदी नको. ट्रायपॉडही फ्री, पण गुडघ्याएवढा. त्यावर कॅमेरा लावून फोटो काढायचा तर मुंजीत बटूच्या पायांचेच येणार.

या सगळ्याचं मूळ १९७५ मधलं. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तो सुमारे साडेतीन किलोचा होता. चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. म्हणजे कार्ड वेगळं घ्या म्हणायची प्रथा पहिल्या दिवसापासूनचीच.

पैसे देणार तेवढ्यात दुकानदाराने आवाज खाली आणला. "साहेब, राहता कुठे?"

"डोंबिवली."

त्याने मान हलवली. ड्रॉवरमधून एक जुनी लेन्स काढली आणि मागून टॉर्च मारला. काचेच्या आत, कडेपासून मध्याकडे, पांढरे बारीक तंतू पसरले होते. फंगस. आपल्याकडच्या पावसात अंधाऱ्या कपाटात लेन्स ठेवली की हे धरतं, वाढलं की काचेवरचं कोटिंग खातं, आणि मग साफ करूनही डाग राहतो. या एका बाबतीत मात्र तो शंभर टक्के खरं बोलत होता. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण ओल धरली की त्या सुकवत बसावं लागतं. त्यापेक्षा ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाट, घ्या. आर्द्रता ४५ टक्क्यांवर लावा आणि विसरा.

ते कपाट आता हॉलमध्ये आहे. काचेचं दार, आत दिवा, वर हिरवे आकडे. बाहेर जुलै कोसळत असतो, भिंतींना ओल येते, मीठ पाणी सोडतं, आणि आत ४५ म्हणजे ४५. हा छोटा फ्रीज का, असं येणारेजाणारे विचारतात. पण त्याचा खरा उपयोग ओळखला तो सासूबाईंनी. एका दुपारी त्यांनी काचेतून आत निरखून पाहिलं आणि विचारलं, "यात पापड सादळत नाहीत का हो?"

वरच्या कप्प्यात आता पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि केशराची डबी. मधल्या कप्प्यात हिंग. खाली कॅमेरा. परवा मेव्हणा आला, लेन्स हातात घेतली, एकदा हुंगली आणि म्हणाला, "कोणतं कोटिंग आहे रे हे?"