ड्रायव्हर बदलल्याने पार्टिशन दुरुस्त होत नाही

बिघडलेल्या डिस्कवरचे हरवलेले पार्टिशन (डिस्कचा वेगळा आखलेला भाग) परत मिळवले, पण ते लिनक्सवर माउंट होईना, म्हणजे त्यातल्या फाइली उघडण्यासाठी जोडलेच जाईना, की एक सल्ला हमखास पुढे येतो. फाइल सिस्टीमचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा, ड्रायव्हर बदलून पाहा. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीमसाठी एनटीएफएस३ या ड्रायव्हरने जमले नाही तर एनटीएफएस-३जी वापरा, तेही अडले तर जबरदस्तीने माउंट करणारा फोर्सचा पर्याय द्या. फक्त वाचण्यापुरते माउंट केले तर काही बिघडत नाही आणि फोल्डर दिसू लागले म्हणजे डेटा सुखरूप आहे. यातले पहिले विधान काही मोजक्या परिस्थितींत खरे ठरते. बाकीच्यांमुळे मात्र उरलासुरला डेटाही जाऊ शकतो, म्हणून ती एकेक करून तपासायला हवीत.

माउंट न होण्याचा दोष ड्रायव्हरचा असतो, हे पहिले गृहीतक. परत मिळवलेल्या पार्टिशनच्या बाबतीत पहिला संशय ड्रायव्हरवर नव्हे, तर ते डिस्कवर कुठे सुरू होते आणि कुठे संपते त्या सीमांवर घ्यायला हवा. कोणताही ड्रायव्हर ठरावीक जागी ठरावीक खूण शोधतो: एनटीएफएसचे नाव पहिल्या सेक्टरचे (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत लहान तुकडा) पहिले तीन बाइट सोडून लगेच लिहिलेले असते, तर लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टीमचा सुपरब्लॉक, म्हणजे तिची मूलभूत माहिती असलेला भाग, पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटांवर सुरू होतो. पार्टिशनची सुरुवात एका सेक्टरने जरी चुकली, तरी ही खूण कोणालाच सापडत नाही, मग ड्रायव्हर कोणताही असो. जुन्या पद्धतीत पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होई, आता ते सहसा २०४८व्या सेक्टरपासून होते. शिवाय डिस्क बसवायची काही यूएसबी एन्क्लोजर (खोकी) ५१२ बाइटांचे सेक्टर ४०९६ बाइटांचे असल्याचे सांगतात, त्यामुळे डिस्क एका एन्क्लोजरमधून काढून दुसरीकडे जोडली की सीमा नोंदवणाऱ्या पार्टिशन टेबलातले तेच आकडे भलत्याच जागा दाखवू लागतात. शेवटची सीमा अलीकडे आली असेल, तर एक्स्ट४ चा ड्रायव्हर फाइल सिस्टीम डिव्हाइसपेक्षा मोठी असल्याची तक्रार कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये नोंदवतो. एनटीएफएस-३जी शेवटचा सेक्टर वाचता आला नाही असे सांगून पार्टिशन टेबल बिघडले असण्याची शक्यता स्वतःच सुचवतो. माउंटच्या आज्ञेचा ‘चुकीचा प्रकार, चुकीचा पर्याय किंवा खराब सुपरब्लॉक’ हा संदेश इतका सर्वसमावेशक आहे की त्यावरून निदान करणे व्यर्थ आहे. खरे कारण कर्नलच्या लॉगमध्येच असते आणि सल्ला देणारे नेमके तेच वाचायला सांगत नाहीत.

एक्स्ट४ ऐवजी एक्स्ट३ (तिची आधीची आवृत्ती) असा प्रकार लिहून पाहण्याच्या सूचनेला तर काहीच अर्थ नाही. २०१५ साली आलेल्या ४.३ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्ये एक्स्ट३ चा वेगळा ड्रायव्हरच उरलेला नाही. त्या प्रकाराची फाइल सिस्टीमही एक्स्ट४ चाच ड्रायव्हर हाताळतो.

फक्त वाचण्यासाठी माउंट केल्यास डिस्कवर काहीच लिहिले जात नाही, हे विधान सर्वांत विश्वासार्ह वाटते आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. एक्स्ट४ नीट बंद झालेली नसेल, तर वाचण्यापुरते माउंट करतानाही तिचे जर्नल, म्हणजे अपुऱ्या बदलांची नोंदवही, पुन्हा चालवले जाते, म्हणजेच डिस्कवर लेखन होते. ते टाळण्यासाठी ‘आरओ’ (फक्त वाचन) सोबत ‘नोलोड’ (जर्नल न चालवणे) हा पर्याय द्यावा लागतो. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमसाठी त्याच कामाचा पर्याय ‘नोरिकव्हरी’ आहे. ‘आरओ’ची लेखनबंदी फक्त फाइल सिस्टीमच्या पातळीवरची आहे, खालच्या डिव्हाइसला तिचा पत्ताही नसतो. म्हणून ब्लॉक डिव्हाइसच (फाइल सिस्टीमखालची डिस्क किंवा पार्टिशन) आधी वाचनापुरते करून ठेवणे अधिक सुरक्षित असते; तसे केले की एक्स्ट४ चा ड्रायव्हर जर्नल चालवण्याऐवजी माउंट करायलाच नकार देतो आणि ‘नोलोड’ वापरायला सुचवतो.

यातूनच ड्रायव्हर एकामागून एक वापरून पाहण्यातली मूळ चूक दिसते. प्रत्येक प्रयत्न त्याच स्थितीतल्या पार्टिशनवर होतो असे मानले जाते, पण पहिला प्रयत्न लिहिण्याच्या परवानगीसह झाला असेल तर दुसऱ्या ड्रायव्हरसमोर येणारे पार्टिशन आधीच बदललेले असते. एनटीएफएस-३जी हा वापरकर्त्याच्या पातळीवर चालणारा ड्रायव्हर आहे. विंडोजने नीट बंद न केलेले पार्टिशन तो लेखनासह माउंट करतो, तेव्हा विंडोजची लॉगफाइल (एनटीएफएसचे जर्नल) रिकामी करतो, आणि हे त्याचे मूळ वर्तन आहे. ५.१५ आवृत्तीपासून कर्नलमध्ये असलेल्या एनटीएफएस३ मध्ये तीच लॉगफाइल पुन्हा चालवण्याची सोय आहे, पण ती आधीच रिकामी झालेली असेल तर चालवायचे काय? हाच ड्रायव्हर नीट बंद न झाल्याची (‘अस्वच्छ’) खूण असलेले पार्टिशन लेखनासह माउंट करायला नकार देतो, तो नाठाळपणामुळे नव्हे, तर आतल्या नोंदी विसंगत असू शकतात म्हणून. फोर्स देऊन ती सूचना दाबली, तर विसंगत नोंदींवर नव्या नोंदी चढू लागतात. लिनक्सवरच्या एनटीएफएसफिक्स या साधनालाही अनेक जण विंडोजच्या चेकडिस्क या तपासणी-साधनाचा पर्याय समजतात. प्रत्यक्षात ते काही मूलभूत विसंगती दुरुस्त करते, जर्नल रिकामे करते आणि पूर्ण तपासणीचे काम विंडोजच्या पुढच्या सुरुवातीवर सोपवते.

फोल्डर दिसले म्हणजे डेटा वाचला, या समजुतीचा फोलपणा तर मागाहून, प्रत्यक्ष फाइल उघडल्यावर कळतो. एनटीएफएसमध्ये नाव, आकार आणि तारखा मुख्य फाइल टेबलात असतात, तर अगदी लहान फाइली सोडल्यास मजकूर दुसरीकडे असतो, त्यामुळे यादी पूर्ण आणि मजकूर गहाळ अशी अवस्था सहज संभवते. बिघडलेल्या डिस्कची नक्कल करणाऱ्या डीडीरेस्क्यूने नव्या फाइलमध्ये इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) घेतली असेल तर धोका आणखी लपतो: मूळ डिस्क खराब सेक्टरवर वाचन-त्रुटी देते, पण इमेजमध्ये न वाचलेल्या जागी नुसती शून्ये असल्याने फाइल विनातक्रार कॉपी होते. एनटीएफएस आणि एक्स्ट४ फाइलमधल्या मजकुराचा चेकसम, म्हणजे मजकूर बदलला का हे ओळखणारा आकडा, ठेवत नाहीत. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम ठेवते, म्हणून तिथे अशी फाइल वाचताना त्रुटी येते. यावर डीडीरेस्क्यूमध्येच उपाय आहे. कोणत्या जागा वाचल्या गेल्या ते नोंदवणाऱ्या मॅपफाइलच्या आधारे इमेजच्या प्रतीतील न वाचलेल्या जागा एखाद्या ओळखू येणाऱ्या शब्दाने भरायच्या आणि मग तो शब्द कोणकोणत्या फाइलींत सापडतो ते शोधायचे. सापडलेल्या फाइली बिघडलेल्या आहेत.

राहिला तो सल्ल्यातला खरा भाग. सीमा बरोबर आहेत, इमेज तयार आहे आणि माउंट डिव्हाइस मॅपरच्या स्नॅपशॉटवर केले आहे, म्हणजे होणारे लेखन वेगळ्या फाइलमध्ये जाते, असे असेल तर ड्रायव्हर खुशाल बदलावेत, कारण फसलेला प्रयत्न टाकून देता येतो. तेव्हा फरकही खरोखर दिसतो. जुन्या कर्नलला एक्स्ट४ चे एखादे नवे वैशिष्ट्य कळत नसेल तर तो माउंट नाकारतो आणि नव्या कर्नलवर तेच पार्टिशन उघडते. विंडोजने सिस्टीम कॉम्प्रेशन (जागा वाचवण्यासाठीचे आकुंचन) लावलेल्या फाइली एनटीएफएस-३जीला प्लगइनशिवाय वाचता येत नाहीत, त्या निरुपयोगी दुव्यांसारख्या दिसतात. या कॉम्प्रेशनचा आधार ठेवून बांधलेल्या कर्नलमधला एनटीएफएस३ त्या सरळ वाचतो.