‘इन्सुलिन पाडा, सगळे हार्मोन्स सुधारतील’: दाव्यात खरं किती?

एक संदेश सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: वजन, थायरॉईड, पीसीओएस (बीजकोशांशी निगडित, पाळी बिघडवणारा विकार), मुरुमं, थकवा या सगळ्याचं मूळ एकच, वाढलेलं इन्सुलिन. ते कर्बोदकांमुळे वाढतं आणि ते रक्तात असेपर्यंत चरबी जळत नाही. तेव्हा कर्बोदकं बंद करा, इन्सुलिन तळाला न्या, बाकीचे हार्मोन्स आपोआप ताळ्यावर येतील आणि औषधंही सुटतील.

यातला पीसीओएसचा मुद्दा बराचसा बरोबर आहे. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. बीजकोश मात्र त्याला प्रतिसाद देतच राहतात. तिथे हे जादा इन्सुलिन एलएच या हार्मोनच्या जोडीने अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन्स, वाढवतं. शिवाय यकृतात तयार होणारं, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एसएचबीजी हे प्रथिन घटतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. लांबणारी पाळी, हनुवटीवरचे केस, मुरुमं यांचा एक धागा इथे सापडतो. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के उतरल्यावरही अनेकींची पाळी सुधारते. पण पीसीओएस असलेल्या प्रत्येकीत इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिनला दाद न देणं, असतोच असं नाही. ‘सगळ्याचं मूळ’ इथेच डळमळतं.

थायरॉईडचं तर सरळ आहे. ही ग्रंथी मंदावण्याची मोठी कारणं दोन: शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच तिच्यावर केलेला हल्ला आणि आयोडीनची कमतरता. इन्सुलिन पाडून यातलं एकही दूर होत नाही.

आता ‘इन्सुलिन असेपर्यंत चरबी जळत नाही’. इन्सुलिन चरबी बाहेर पडण्याला लगाम घालतं, हे खरंच. पण जेवणानंतरचे काही तास म्हणजे अख्खा दिवस नव्हे. तेव्हा साठलेली चरबी पुढच्या तासांत वापरली जाते आणि हिशेब दिवसाअखेरचा धरायचा असतो. इन्सुलिन प्रथिनांनीही वाढतं, हे संदेशात सोयीस्करपणे गळलेलं आहे. 2018मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 609 जणांवर केलेला वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी चरबीच्या आहारावर सरासरी 5.3 किलो वजन उतरलं, कमी कर्बोदकांच्या आहारावर 6 किलो. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. ज्यांचं इन्सुलिन जास्त स्रवतं त्यांना कर्बोदकं कमी केल्याने जास्त फायदा होईल, ही अपेक्षाही फोल ठरली. आणि मधुमेह व वजनासाठी दिल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाईडचं काय? साखर वाढलेली असताना ते औषध इन्सुलिनचा स्राव वाढवतं, तरी वजन घटतं, कारण भूक कमी होते.

मग टाइप 2 मधुमेह? ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे 850 कॅलरींचा पेयाहार दिला. त्यातल्या निम्म्याहून जास्त कॅलरी कर्बोदकांतूनच येत होत्या. तरीही वर्षाअखेर 46 टक्के रुग्णांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी उतरणं हे तिथलं मोठं कारण मानलं जातं. कर्बोदकं कमी करूनही अनेकांची साखर छान आटोक्यात येते, त्याला माझा विरोध नाही. ‘तोच एक मार्ग’ याला आहे.

‘जितकं कमी तितकं चांगलं’ हे मात्र मला घातक वाटतं. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ नसतंच. 1922मध्ये इन्सुलिनचे उपचार सुरू होण्याआधी त्या रुग्णांची शरीरं झिजून जात. निरोगी माणसानेही खाणं फार तोडलं की टी3 हा थायरॉईडचा हार्मोन उतरतो, चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन घटतं, मेंदूकडून येणारे एलएचचे ठोके विस्कळीत होतात आणि पाळी थांबू शकते. हार्मोन्स ‘सुधारायला’ निघालेली तरुण, सडपातळ मुलगी याच वाटेने पाळी गमावून बसू शकते. तिला बहुतेक वेळा उपाय लागतो तो जास्त खाण्याचा, त्यात कर्बोदकंही आली.

राहिली औषधं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना कर्बोदकं अचानक तोडली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाच्या मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर तर कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं साचून होणारी धोकादायक अवस्था) होऊ शकतो, तोही मीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसत असताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. रक्तातले कीटोन तपासून घ्यायला लगेच रुग्णालय गाठा.