ट्रॉलीच्या फळ्यांना जळकं ऑइल फासू नका

‘ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा लाकडी तळ बदलताय? सागावर पैसे घालवू नका. आंब्याच्या ओल्या फळ्या एकमेकींना खेटून ठोका, वरून जळकं ऑइल पाजा, 20 वर्षं बघायला नको.’ हा मेसेज ग्रुपवर फिरतोय. परवा मामांनी तो मला पाठवून विचारलं, ‘गॅरेजमधून डबा आणू का?’ मामा, अजिबात आणू नका.

आधी ऑइलचंच बोलू, कारण यात सगळ्यात घातक तेच आहे. इंजिनात जळलेल्या तेलात झिजलेल्या धातूंचा अंश असतो, कॅन्सरला कारण ठरणारी रसायनं असतात. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. आणि आपण ते कुठे फासणार? ज्या तळावर कडबा, मका, सरकी पेंड टाकतो तिथे! तोच चारा संध्याकाळी गाईच्या गव्हाणीत जातो. पाऊस पडला की तवंग शेतात उतरतो. काही दिवस पाणी फळीवरून ओघळून जातं, एवढं खरं. पण तेल आत खोल मुरत नाही. ओल्या फळीवर मारलं तर आतली ओल मात्र कोंडून राहते आणि लाकूड कुजायला तेवढं पुरतं.

आता आंबा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे खुंट अर्धे जमिनीत पुरून ते किती टिकतात हे बघतात. सरासरी 120 महिने किंवा जास्त टिकलं तर पहिला वर्ग, 60 च्या आत गेलं तर तिसरा. साग आणि साल ही झाडं पहिल्या वर्गात, आंबा तिसऱ्या. ‘ट्रॉली काय जमिनीत पुरायची आहे?’ असं कुणी म्हणेल. नाही, पण फळी आणि खालच्या लोखंडी चॅनलच्या मधे माती, शेण, ओला पाला महिनोन्‌महिने साचतो, तिथूनच फळी जाते. पहिला वर्गही गाभ्याच्या लाकडाचाच. सालीलगतचा फिकट भाग सागाचा असला तरी वाळवी सोडत नाही, म्हणून वखारीत फळीची कड बघूनच घ्या.

सागच हवा असं नाही, हे मेसेजचं म्हणणं नाइलाजाने मान्य. बैलगाडीची चाकं बहुतेक बाभळीची व्हायची. पक्की, वाळलेली, गाभ्याची बाभूळ मिळाली तर जरूर घाला.

ओल्या फळ्या वाळताना आकसतात, खिळे ढिले होतात, खेटून ठोकल्या तरी फटी पडतातच. वाळलेलीच फळी घ्या आणि खिळ्याऐवजी वायसर घालून नट-बोल्ट लावा.