प्रीमियम पेट्रोलने ॲव्हरेज वाढतं का?

साताऱ्यात सध्या हा मेसेज फिरतोय: "साधं पेट्रोल बंद करा, प्रीमियम टाका. पिकअप सुधारतो, ॲव्हरेज लिटरला दोन-तीन किलोमीटरने वाढतं, त्यात इथेनॉल नसतं आणि इंजिन स्वच्छ राहतं." माझ्या मामांनी तो वाचून आपल्या जुन्या हॅचबॅकमध्ये दोन महिने तेच टाकलं. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाचे पैसे असे जाताना बघवत नाही, म्हणून लिहितोय.

पिकअपचं आधी बघू. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, मग स्पार्क पडतो. ज्योत पोचायच्या आतच उरलेलं मिश्रण आपोआप पेटलं की खडखड होते, तेच नॉकिंग. पेट्रोल हे किती टाळू शकतं, एवढंच ऑक्टेनचा आकडा सांगतो. त्यात ऊर्जा किती आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. ९१ वर न खडखडणाऱ्या इंजिनात १०० टाकून जोर येणार कुठून? मामांची गाडी यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत चढायची, प्रीमियमवरही तशीच चढली. शेवटी एअर फिल्टर काढला तर धुळीने पार काळा! तो बदलला आणि गाडी मोकळी झाली.

शिवाय आता साध्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोललाही किमान ९५ ऑक्टेन ठरवून दिलंय. मग ९५ च्या प्रीमियमला जादा पैसे देऊन ऑक्टेन वाढून मिळतच नाही.

ॲव्हरेजचा हिशेब घरीच करता येतो. समजा साधं १०५ रुपये आणि प्रीमियम ११२. लिटरला १८ देणाऱ्या गाडीने १९.२ दिलं, तर कुठे बरोबरी होईल. आम्ही एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून, सातारा-कराड-सातारा अशा दोन्ही पेट्रोलवर तीन-तीन फेऱ्या मारल्या. जो फरक आला, तो ट्रॅफिकनेही पडतो. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनेही २०१६ साली साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्या तपासल्या होत्या. त्यांनाही प्रीमियमचा म्हणावा असा फायदा दिसला नाही.

इथेनॉलची तक्रार मात्र खोटी नाही. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई२० वर ॲव्हरेज थोडं उतरतं. पण ९५ च्या प्रीमियममध्येही इथेनॉल असतंच. आपल्याच कारखान्यांच्या उसाचं ते इथेनॉल नाव बदलल्याने जात नाही.

स्वच्छतेचं म्हणाल, तर प्रीमियममधली रसायनं इंजेक्टरवर थर साचू देत नाहीत, हे खरं. पण तेवढ्याने धडधाकट गाडीचं ॲव्हरेज एका टाकीत वाढत नाही.

टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या ज्या गाडीला कंपनीनेच जास्त ऑक्टेन सांगितलंय, तिला ते द्यावंच. तिथे कमी ऑक्टेन पडलं तर नॉकिंग टाळायला गाडीतला संगणक स्पार्क उशिरा देतो आणि ताकद खरोखर उतरते. कोणतं पेट्रोल चालतं ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याचदा टाकीच्या झाकणाच्या आतही. मामांचं झाकण उघडून पाहिलं, आत ९१ छापलेलं होतं.